श्वासाचं अजीर्ण

पहिला झटका आला तेव्हा मी सिल्लोडच्या रस्त्यावर, फुलंब्रीच्या अलीकडे, मक्याच्या एका ट्रकमागे अडकले होते. गाडीत पाण्याचे चार कॅन, आबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या, एक नवा झाडू आणि ज्वारीचं पीठ. आबा म्हणजे माझे वडील. आई गेल्यापासून ते सिल्लोडला एकटे राहत, आणि दर रविवारी मी त्यांच्याकडे जात असे. लागोपाठ दुसऱ्या वर्षी पावसानं हात आखडला होता. पाणी आम्हीही विकतच घेत होतो, पण आमचा टँकर निदान गोड्या विहिरीवरून यायचा. आबांच्या गल्लीत येणारं पाणी इतकं मचूळ असे की त्यात डाळ शिजत नसे.

रस्ता तेव्हा उकरून ठेवलेला होता. मोठा होणार, सिमेंटचा होणार, अजिंठ्याला जाणारे परदेशी पाहुणे खूश होणार, असं सगळे सांगायचे. तोवर धूळ आमच्या वाट्याला होती. एका बाजूची वाहनं सोडायची, मग दुसऱ्या बाजूची, असा प्रकार. मी काचा बंद करून बसले होते. बाहेर सगळं पांढरं.

अचानक वाटलं, श्वास पुरत नाही. जांभई दिली. पुरली नाही. मोठा श्वास घेतला, तो छातीत अर्ध्यावर अडला, म्हणून त्याच्यावर आणखी एक घेतला. बोटांना मुंग्या आल्या, ओठ बधिर झाले, आणि काळीज असं उडायला लागलं की सीटबेल्ट हलताना दिसेल असं वाटलं. मनात स्वच्छ वाक्य आलं : आपण इथे, या मक्याच्या ट्रकमागे मरणार. त्याच्या मागोमाग दुसरं आलं : फ्रीजमधलं दही आज संपवायला हवं, हे घरी कुणालाच सांगितलेलं नाही.

मी मेले नाही. ट्रक हलला, मी मोकळी जागा मिळताच गाडी वळवली आणि घरी आले. नवरा मला तसाच दवाखान्यात घेऊन गेला. छातीला वायरी लावल्या, कागद निघाला, डॉक्टर म्हणाले, "हृदय उत्तम आहे. जरा दगदग कमी करा." आबांना फोनवर सांगितलं, गाडी बिघडली.

दगदग कमी करा हे मला सांगणं म्हणजे चिकलठाण्यातल्या विमानांना हळू बोला म्हणण्यासारखं. मी तिथल्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळते. कोणता नट किती उरला, कोणता कधी मागवायचा, हे माझ्या डोक्यात आणि भिंतीवरच्या तक्त्यावर, दोन्हीकडे असतं. घरीही तेच. आमची इमारत नवी, विमानतळापलीकडच्या वसाहतीतली. बिल्डरनं बोअरला भरपूर पाणी असल्याचं सांगितलं होतं, आणि आम्ही राहायला आलो त्या उन्हाळ्यात बोअरमधून वाळू यायला लागली. नळाचं पाणी चार-सहा दिवसांनी. मधल्या दिवसांना टँकर. कुणाच्या घरी किती बादल्या, टँकर आला की खाली कोण उतरणार, सगळं मी आखून दिलेलं. इमारतीतले लोक मला मागे 'कलेक्टर' म्हणत. पुढ्यातही म्हणत.

तर अशी मी. दुसरा झटका त्याच रस्त्यावर, हर्सूलच्या पुढे आला. तिसरा आला तेव्हा मी रस्त्यावर नव्हतेच. रविवारी सकाळी कॅन भरत होते आणि नुसत्या विचारानंच हातपाय गार पडले. त्या रविवारी नवरा गेला. पुढच्याही रविवारी तोच गेला. मग तेच रुळलं.

आबांचा फोन यायचा. "काय गं माय, तुझी गाडी अजून नीट व्हईना का? ट्रॅक्टर बी एवढा येळ लावत नाय."

"पार्ट मिळत नाही आबा."

"तूच स्टोअर सांभाळतीस न्हवं? तुलाच पार्ट मिळंना?"

मी विषय बदलून गोळ्या घेतल्या का ते विचारलं.

खरी अडचण पुढेच होती. आबांच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला. डावा आधीच अधू. ते फोनचे आकडे चुकायला लागले, चहात साखरेऐवजी मीठ घालून पिऊन टाकायला लागले आणि वर म्हणायचे, "फरक पडत नाय, पाणीच खारं हाय." शहरात ऑपरेशन करायचं ठरलं, तारीख मिळाली. नवरा आणायला गेला तर आबा गाडीत बसेनात. "जावईबापू, तुमी माणूस सोन्यासारखे, पण तुमी बोलताना दोन्ही हात वापरता. तुमच्या गाडीत मी घाट उतरत नसतो. लेक येईल तव्हा येईन." तारीख गेली. दुसरी मिळाली, तीही गेली. डॉक्टरांनी बजावलं की आता उशीर केलात तर ऑपरेशन अवघड होईल.

म्हणजे मी सिल्लोडच्या वाटेवरचा चौक्याचा घाट ओलांडला नाही तर आबांची नजर जाणार होती. गोष्ट इतकी सरळ होती.

सरळ गोष्टी मला हाताळता येतात, असा माझा समज. मी कामाला लागले. एक पिशवी तयार केली : पाण्याची बाटली, लिंबू, वेलदोडे, ओला रुमाल, जिभेखाली ठेवायची गोळी, बाटलीतला ओआरएस, वाटेवरच्या दवाखान्यांचे फोन नंबर. पुढच्या आठवड्यात त्यात हातपंखा आला. मग रक्तदाब मोजायचं यंत्र. नवरा पिशवी उचलून म्हणाला, "अगं, ही घेऊन तू सिल्लोडला जाणार का नेपाळला?" पिशवी जितकी जड झाली, तितकं मला घराबाहेर पडणं अवघड झालं. आधी सिल्लोड रस्ता बंद केला होता. मग जालना रोडवरचा पूल टाळून खालून जायला लागले. मग लिफ्ट. जिन्यानं चढताना धाप लागली की ती धापही झटक्यासारखी वाटायची, म्हणून जिनाही नकोसा झाला. राहता राहिलं काय, तळमजल्यावरचा व्हरांडा.

श्वासाचा उपाय श्वासानंच करायचा, हे मला इमारतीतल्या प्रत्येकानं सांगितलं होतं. तळमजल्यावरच्या काकू गच्चीवर सकाळी प्राणायामाचा वर्ग घेत, पाण्याच्या काळ्या टाक्यांच्या सावलीत. भले लोक, मायेनं बोलावलं, मी गेले. काकू म्हणाल्या, "भाता चालवल्यासारखा श्वास घ्यायचा आणि सोडायचा. ज्याला झेपेल तेवढंच." पण झेपेल तेवढंच करणं माझ्या स्वभावात नाही. बाकीच्यांचं एक आवर्तन व्हायचं तेव्हा माझी दोन होत. सोडण्याकडे माझं फारसं लक्ष नसे, आत किती गेला याचा हिशेब. चौथ्या सकाळी माझ्या दोन्ही हातांची बोटं आपोआप आत वळली आणि वळलेलीच राहिली, कोंबडीच्या पायासारखी. डोळ्यांपुढे टाक्या फिरायला लागल्या.

काकू जवळ येऊन हात बघून म्हणाल्या, "वा! ऊर्जा जागी झाली."

दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, "काकू, त्यांचं तोंड पांढरं पडलंय. ऊर्जेला जरा झोपवा."

त्या दिवशी नवऱ्यानं परस्पर एका मानसोपचार डॉक्टरांची वेळ घेतली. मी भांडले. मला वेड लागलेलं नाही, माझ्याकडे मार्चअखेरची मालमोजणी आहे, असं दोन-तीनदा सांगितलं. तो म्हणाला, "वेड लागलंय असं कोण म्हणतंय? तुला श्वास घेता येत नाही. जिथे दाखवायचं तिथे दाखवू."

डॉक्टर माझ्याहून बऱ्याच लहान. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, कागद पाहिले, रक्ताच्या तपासण्या करून घेतल्या, आणि पुढच्या भेटीत मला एक हात छातीवर, एक पोटावर ठेवून नुसतं बसायला सांगितलं. छातीवरचा हात वरखाली होत होता. पोटावरचा जागच्या जागी होता. दर दोन वाक्यांनी मी एक उसासा टाकते आहे, हेही त्यांनीच दाखवलं.

मग त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे पाणी किती दिवसांनी येतं?"

हा माझा विषय. मी सविस्तर सांगितलं.

"आणि आलं की काय करता?"

"भरते. ड्रम, बादल्या, पातेली, कुकर, थर्मास. आधीच्या फेरीचं राहिलेलं शिळं पाणी ओतून देते आणि ताजं भरते."

"दुष्काळात?"

"झाडांना ओतते," मी घाईनं म्हणाले. "पण भरलेलं असलेलं बरं. पुन्हा कधी येईल सांगता येत नाही."

"ड्रम भरलेला असला आणि नळ चालू असला तर?"

"नळ चालू असताना बंद करायला जीव होत नाही. मग कशात तरी भरतेच. नाहीच काही राहिलं तर मोरीत जातं."

डॉक्टर हसल्या. "तुम्ही श्वासही असाच भरता. ड्रम काठोकाठ भरलाय, तुम्ही वरून आणखी पाइप धरलाय, आणि पाणी आत जात नाही म्हणून घाबरताय. आधीचा सोडलाच नाही तर नवा जाणार कुठे? तुम्हाला हवा कमी पडत नाहीये बाई. जास्त होतेय. जास्त, भराभर घेतली की रक्तातलं गणित बिघडतं आणि त्यानंच मुंग्या येतात, चक्कर येते, छाती आवळते. ते जाणवलं की तुम्ही घाबरता, घाबरलात की आणखी भरता. हे श्वासाचं अजीर्ण आहे, उपासमार नाही."

इमारतीला टंचाईत पाणी पुरवायची पद्धत मी आखली होती, आणि त्याच पद्धतीनं मी हवा साठवत होते. हवेचा दुष्काळ कुठेच पडला नव्हता. मला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलेलं ते हसू पोटातून आलं, आणि डॉक्टर म्हणाल्या, "बघा, आत्ता पोटावरचा हात हलला."

त्यांनी थोडी औषधं दिली आणि घरी करायचा अभ्यास दिला. पहिला सोपा : नाकानं साधा, लहान श्वास, आणि सोडताना घाई न करता, गरम दूध फुंकावं तसा, लांबवत. दुसरा ऐकून मी खुर्चीतून उठलेच. रोज मुद्दाम भराभर श्वास घेऊन तो झटका ओढवून आणायचा! "तुम्ही त्याला भिता, म्हणून तो येतो तेव्हा राजा असतो. त्याला रोज बोलवा. नोकर होईल." आणि जाता जाता म्हणाल्या, "ती पिशवी घरी ठेवायची. हातात दवाखाना घेऊन फिरलात की डोक्याला वाटतं, काहीतरी भयंकर होणारच आहे."

घरी आले आणि अभ्यास पुढे ढकलला. एक दिवस, दुसरा दिवस. शेवटी नवरा म्हणाला, "चल, मी पण करतो. त्यात काय?" आम्ही दोघं स्वयंपाकघरात समोरासमोर स्टुलांवर बसलो, मोबाइलवर मिनिट लावलं आणि भाते चालू केले. ओट्यावर पोह्यांचे कांदे चिरलेले. मिनिट संपायच्या आत माझे ओठ बधिर झाले, हात थरथरायला लागले, काळीज धावायला लागलं. मी डोळे मिटले. तेवढ्यात समोरून आवाज आला.

"अगं! मला मुंग्या आल्या! बोटांना! आणि ओट्यावरचे कांदे फिरतायत."

मी डोळे उघडले. तो स्वतःचे हात डोळ्यांसमोर धरून लहान मुलासारखा बघत होता. "छातीत पण धडधडतंय. मजाच आहे की! तुला रोज हे होतं? फुकटात?" आणि तो इतका हसायला लागला की स्टुलावरून सरकला.

मी त्याच्याकडे बघत राहिले. ज्या माणसाला कधी कशाची भीती वाटली नाही, आबांच्या मते वाटायला हवी तिथेही वाटली नाही, त्याला हुबेहूब माझ्याच मुंग्या आल्या होत्या. माझीच चक्कर, माझीच धडधड. फरक एवढाच होता की तो हसत होता. म्हणजे यात मरण्यासारखं काही नव्हतं. छातीतलं यंत्र भराभर फिरवलं की त्याचा असा आवाज होतो, एवढंच. डॉक्टरांनी सांगितलं ते मला समजलं होतं. पण पटलं ते कांद्यांच्या शेजारी, नवऱ्याला मुंग्या आल्या तेव्हा.

त्यानंतर मी शिस्तीनं झटके बोलावले. स्टोअरमध्ये जेवणाच्या सुट्टीत, रॅकच्या मागे. एकदा आमच्या साहेबांनी पाहिलं. "मॅडम, काय झालं?" "सर, धाप लावून घेतेय." "बरं, लावून झाली की ती बेअरिंगची ऑर्डर बघा." लिफ्टनं वरखाली केलं. पुलावरून गेले. मग हर्सूलपर्यंत गाडी नेली आणि लगेच वळले नाही, तिथे उसाचा रस पिऊन मग परतले. पुढच्या खेपेला सावंगी. प्रत्येक ठिकाणी तो येई, पण आधीसारखा दार तोडून येत नसे. आला की मी लांब श्वास सोडे आणि बाकी काही करत नसे. हे 'काही न करणं' मला सर्वांत जड गेलं. आयुष्यात कधी केलं नव्हतं.

ऑपरेशनची तिसरी तारीख जवळ आली. आदल्या दिवशी दुपारी आबांना दाखल करायचं होतं. सकाळी मी किल्ली घेतली. पिशवी कपाटाच्या वर ठेवली. नवरा दारात. "मी येऊ?"

"नको."

"पाण्याची बाटली तरी?"

"ती आबांना."

घाट चढायला लागले आणि रस्त्यात लाल झेंडा दिसला. पुढे यंत्रं, मागे एसटी, शेजारी खोदलेली कड. काचा बंद, धूळ तीच. छाती आवळली, मुंग्या आल्या, आणि ते जुनं वाक्यही आलं, मरणार. वळायला जागा नव्हती, आणि असती तरी मला ठाऊक होतं की वळले तर पुन्हा कधी इथवर यायची नाही. मी दोन्ही हात स्टिअरिंगवर सैल ठेवले. मनात म्हटलं, ये. आणखी जोरात ये. श्वास सोडला. संपेपर्यंत सोडला. मग जेवढा आपणहून आत आला तेवढाच घेतला. धडधड वाढली, टोकाला गेली, तिथे जरा रेंगाळली, आणि पुढे जायला तिला काही उरलंच नाही. झेंडा हलला. मी घाट उतरले, फुलंब्री गेली, आळंद गेलं. सिल्लोडच्या वेशीशी कापसाच्या जिनिंग गिरणीपाशी गाडी थांबवली आणि एकटीच मोठ्यानं हसले. रस्त्यावरून जाणाऱ्या बाईनं काचेतून वाकून पाहिलं.

आबा ओट्यावर बसले होते, धुतलेलं धोतर, टोपी, शेजारी कापडी पिशवी. गाडीच्या आवाजाकडे तोंड वळवून म्हणाले, "आलीस व्हय?"

"आले आबा."

"गाडी झाली का नीट?"

मी त्यांच्याजवळ बसले. "गाडी बिघडलीच नव्हती. मीच बिघडले होते. रस्त्यात श्वास अडकायचा. भीती वाटायची."

"मला ठावं हाय."

"कसं काय?"

"जावईबापूंनी कव्हाच सांगितलं. त्यांच्या पोटात काय ऱ्हातंय व्हय?"

"मग त्यांच्या गाडीत बसून आला का नाहीत? दोन तारखा गेल्या! डोळा गेला असता म्हणजे?"

"बसलो असतो, तर तू कव्हा आली असतीस?" त्यांनी अंदाजानं हात पुढे करून माझं डोकं चाचपलं. "तुला कुणाचं काम असल्याबिगर हलता येत नाय. लहानपणापासून बघतोय." आणि मग, न्याय म्हणून, "आन् हातवारे बी हायेतच त्यांचे. त्ये खोटं नाय."

मला रागवायचं होतं. मी उठून घराच्या खिडक्या लावल्या, गॅस बघितला, कुलूप लावलं.

परतीला घाटाच्या अलीकडे पुन्हा रांग लागली. मी लांब श्वास सोडायला लागले. आबांना दिसत नव्हतं, पण कान तिखट.

"आलं का त्ये?"

"येतंय."

"लई हाय का?"

"मध्यम."

"मग आता काय करायचं असतं?"

"काही नाही आबा. येतं आणि जातं. मी नुसता श्वास सोडतेय."

"सोड मग." त्यांनीही ओठांचा चंबू करून एक लांब फुंकर मारली, मग आणखी एक. उद्याच्या डोळ्याची धाकधूक त्यांनाही होतीच, ती मला तेव्हा दिसली. दोघंही धुळीत बसून फुंकत राहिलो. शेजारच्या जीपमधल्या माणसाला आम्ही चहा निववतोय असं वाटलं असेल.

रांग सुटली तसे आबा म्हणाले, "चौक्याला भजे लई झ्याक मिळतेत. थांबव."

"आबा, दवाखान्यात वेळ दिलीय."

"ऑपरेशन उद्या हाय का आज?"

थांबवली. छातीत अजून थोडं दुडदुडत होतं आणि मी पत्र्याच्या शेडखाली उभी राहून कांदाभजी खात होते, वर तळलेली मिरची. दुडदुड कधी थांबली ते कळलं नाही, कारण मिरचीनं नाका-डोळ्यांतून पाणी काढलं होतं. आबांनी दुसरी प्लेट मागवली.

डोळ्यांच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा उशीर झालेला होता. खिडकीतली मुलगी घड्याळाकडे बघून म्हणाली, "आजोबा, किती उशीर! तिसरी तारीख आहे ही. आता काय झालं होतं?"

मी काहीतरी सांगायला तोंड उघडलं, रस्त्याचं काम वगैरे. पण आबा आधीच खिडकीला टेकले होते.

"काय नाय माय," ते म्हणाले, "पोरीला वाटंत जीव घाबरा झाला, म्हणून आमी भजे खाल्ले."